धक्का कोणाचा

माझं लग्न पाचव्या फाऊलवर जमलं. हे मी नातवंडांना सांगते तेव्हा ती म्हणतात, आजी, काहीही फेकू नकोस. पण खरंच आहे. कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायची. खेळायची म्हणजे काय, कोपर चालवायची. अंगाने तेव्हा आजच्या निम्मी होते, पण कोपरं मात्र दोन्ही पूर्ण वाढलेली होती. बोर्डाखाली उडी मारली की समोरच्या मुलीच्या बरगड्यांशी माझी ओळख व्हायची. मग शिट्टी वाजली की मी असे डोळे मोठे करून बघायची, जणू तिथे फुलं वेचायला आले होते.

तेव्हा नियम असा होता की ज्याच्यावर फाऊल दिला त्याने स्वतःच हात वर करायचा. टेबलावर बसून लिहिणाऱ्याला कळायला नको, कोणाच्या नावावर टाकायचा? पाच झाले की खेळाडू बाहेर. त्या सामन्याला राखाडी शर्टातले एक उंच, काटकुळे रेफरी होते. पहिल्या चार फाऊलना मी त्यांच्याशी कचाकचा भांडले आणि हात असा वर केला की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी मान खाजवते आहे. पाचव्याला मात्र मी समोरच्या मुलीला इतकी उघड आडवी केली की त्यांनी शिट्टी ओठांना लावायच्या आधीच माझा हात वर गेला. ताठ. मग मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि रडले.

थोड्या दिवसांनी तेच गृहस्थ बायकोला घेऊन आमच्या घरी हजर! पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी भांडकुदळ हाये, पण खोटी नाही. आमच्या पोराले चालते." पोराला कोणी विचारलं होतं की नाही कोण जाणे. तो वर्ध्याला नोकरीला होता, शनिवारी घरी यायचा. बास्केटबॉलमधलं त्याला एवढंच माहीत होतं की त्यापायी आपले वडील रोज जेवायला उशीर करतात.

अशी मी नंदनवन वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सून म्हणून आले. आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. देशात सगळे मोकळेपणाने बोलायला लागले होते आणि माझ्या डोक्यावर पदर आला होता. सासरे, म्हणजे मामाजी, सरकारी कचेरीत कारकून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या खापा गावच्या. बुटक्या, गोऱ्या आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरात कुलपं दोनच होती, पण जुडगा मोठा होता. बाकीच्या किल्ल्या कशाच्या, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या घरची रीत अशी, की सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. समोरून जायचं नाही, जायचंच झालं तर भिंतीला चिकटून, अंग आखडून. त्यांच्या हातात चहाचा कप द्यायचा नाही, स्टुलावर ठेवायचा. आणि काही सांगायचं असेल तर आत्याबाईंच्या मार्फत. आत्याबाई दोघांच्या मधोमध उंबऱ्यावर बसून तूर निवडायच्या आणि निरोप इकडून तिकडे सरकवायच्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, मामाजींना माझा शब्द न् शब्द ऐकू यायचा, तरी आत्याबाईंनी म्हटल्याशिवाय त्यांनी तो ऐकला असं धरायचं नाही.

एका संध्याकाळी मामाजी लंगडत घरी आले. गुडघा किती तरी दिवस कुरकुरत होता. बूट सोडता सोडता म्हणाले, "अवं, तिले विचार, शिट्टी मारशील काय?"

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोणाले? सुनेले? शिट्टी?"

"मुलींच्या सामन्याले आम्ही बाप्येच उभे राहतो. बाया रेफरी कोठीच नाहीत. आन् माह्या गुडघ्यानं राजीनामा देल्ला आता."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "हे म्हणून राहिले का शिट्टी मारशील काय." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांच्याकडे वळून, "ते नाही म्हणते."

"हो म्हणते," मी पदराआडून म्हणाले.

मी हो का म्हटलं? मला वाटलं, माझी विद्वत्ता ओळखली गेली. खरं कारण साधं होतं. त्या घरात मी दिवसभर चालायची, तेही हळू, बांगड्या वाजू न देता. आणि मला धावायचं होतं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. लकडगंजच्या बाजूला एका आरामशीनच्या मागे मातीचं मैदान होतं. चुन्याच्या रेघा, आणि त्याच आरामशीनवर कापलेल्या सागवानी फळ्यांचे बोर्ड. हवेत कायम लाकडाच्या भुशाचा वास. नवऱ्याची जुनी पँट शिंप्याकडून आवळून घेतली. ती घालून वरून लुगडं नेसायचं, मैदानापर्यंत डोक्यावर पदर घेऊन जायचं आणि भिंतीआड लुगडं सोडायचं. ते लुगडं सांभाळायला आत्याबाई सोबत. त्यांच्याशिवाय मामाजींचं बोलणं माझ्यापर्यंत येणार तरी कसं?

मला वाटत होतं, रेफरी होण्यात काय अवघड आहे? मी पाच-पाच फाऊल करणारी बाई, मला फाऊल कळणार नाही? आणि खरंच, मला फाऊल इतके कळायला लागले की दुसरं काही दिसेना. वेणी वेणीला लागली, शिट्टी. बांगडी फ्रॉकला अडकली, शिट्टी. दोन मुली चेंडूमागे धावता धावता एकमेकींकडे बघून हसल्या, तरी माझे गाल फुगायचे. एक दिवस आरामशीनवरचे मजूर सुट्टी झाली समजून हातपाय धुवायला निघाले. मालकाचा माणूस भिंतीवरून डोकावला. "बाई, जरा बेतानं मारा ना शिट्टी. आमचं काम बंद पडून राहिलं."

त्यातही माझी एक खास युक्ती होती आणि तिचा मला फार अभिमान होता. आपल्याकडे कोणाला पाय लागला तर आपण काय करतो? ज्याला लागला त्याला हात लावून तो हात कपाळाला लावतो. त्या मुली खेळतानाही तेच करायच्या. चेंडू चाललाय, धावपळ चाललीय, आणि पाय लागला की वाकून, शिवून, कपाळाला हात! मी म्हटलं, ही तर गुन्ह्याची कबुलीच. कपाळाला हात गेला रे गेला की माझी मूठ वर. एका शाळेची मुलगी इतकी संस्कारी होती की अर्ध्या वेळाच्या आत तिचे पाच भरले. ती मला नमस्कार करून बाहेर गेली. मामाजी त्या दिवशी बाकावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरी येताना म्हणाले, "अवं, तिले सांग. ते पोरगी पाया पडून राहिली होती, आन् हे तिले फाऊल देऊन राहिली होती."

आत्याबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, "पण पाय लागला होता ना?"

"पण पाय लागला होता म्हणते ते."

"लागू दे ना. दहा पोरी एवढ्याशा जागेत पळून राहिल्या, तर लागणारच. लागणं म्हणजे फाऊल नव्हे. लागलं की आपण मनातल्या मनात तीन गोष्टी विचाराच्या. जागेवर आधी कोण होतं? उडी सरळ वर होती का दुसऱ्याच्या अंगावर? आन् त्या लागण्यानं कोणाचं काही गेलं का?"

आत्याबाईंनी हे तीनही प्रश्न माझ्यासाठी पुन्हा म्हटले, रेशनच्या दुकानात काय काय आणायचं ते सांगावं तसे. आणि शेवटी स्वतःचं म्हणून जोडलं, "काहीच नसल गेलं, तर गप बसावं मुकाट्यानं. एवढं तं मलेही समजते."

दिवाळीआधी आम्ही इतवारीत खरेदीला गेलो. मामाजी पुढे, मध्ये आत्याबाई, मागे मी. पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, डोक्यावर टोपल्या. मामाजींना वाटलं असणार, एवढे खेळाडू एका मैदानात परत कुठे मिळणार? मागे न बघता त्यांनी विचारलं, "तो हमाल त्या टोपीवाल्याले लागला. विचार तिले, कोणाचा धक्का?"

"कोणाचा धक्का, म्हणून राहिले."

"हमालाचा," मी म्हटलं.

"हमालाचा म्हणते."

"कसा? हमाल आपल्या रेघेनं चालला होता. टोपीवाला भाव पाहत पाहत मधात घुसला. धक्का टोपीवाल्याचा. ज्याले लागलं तो बिचारा, असं नसते."

आम्ही असंच चालत राहिलो. साड्या राहिल्या बाजूला. एका दुकानाच्या पायरीवर दोन बायका एकमेकींवर आदळल्या, तेव्हा मात्र मामाजींनी विचारायच्या आधीच आत्याबाई थांबल्या, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हिरव्या लुगड्याचा. ते लाल लुगडं कवाचं उभं होतं तेथी."

मामाजी पहिल्यांदा मागे वळले. मला वाटतं, आपण शिकवतो आहोत एकीला आणि शिकते आहे भलतीच, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. त्यानंतर नळावरची भांडणंसुद्धा आत्याबाई याच कायद्याने सोडवायला लागल्या. "घागर हिची आधी होती, तू आंगावर आली. धक्का तुझा. हो बाजूले." शेजारणी बावरून बाजूला व्हायच्या.

पण म्हणून त्या माझ्या बाजूच्या झाल्या असं मुळीच नाही. सुनेची पँट त्यांना खुपत होती. खाप्याहून त्यांचे भाऊ संत्री घेऊन आले, तेव्हा दोरीवर वाळणारी पँट बघून त्यांनी विचारलं, "भाचा बारीक झाला काय?" आत्याबाईंचा चेहरा उतरला. भाऊ गेल्यावर त्यांनी निकाल दिला, आणि तोही उंबऱ्यावर बसून, दोघांना एकदमच.

"यंदा ते रेफरीची परीक्षा हाये म्हणता ना? देऊ द्या तिले. पास झाली तं शिट्टी तिची, मी तोंड उघडणार नाही. नापास झाली तं शिट्टी माह्या जुडग्यात, आन् त्या पँटीच्या दोन पिशव्या शिवतो मी भाजीच्या. बस."

शिट्टी मामाजींचीच होती, पितळेची, दोरी काळी पडलेली. त्यांनी ती स्टुलावर ठेवली, आम्ही त्यांचा चहा ठेवायचो तिथे, आणि मी ती उचलली.

परीक्षेतली लेखी आधी झाली, ती मी घोकून पार पाडली. खरी परीक्षा मैदानावर. बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते. कडक इस्त्रीचे, सावकाश बोलणारे. सामना त्यांच्यासमोर चालवायचा आणि ते बघणार, आपल्याला धक्का कळतो की नाही. मामाजींना जवळ फिरकायची मनाई. ते आणि आत्याबाई समोरच्या बाजूला बघणाऱ्यांत बसले. माझं लुगडं घडी करून आत्याबाईंच्या मांडीवर.

एका बाजूला शहरातल्या शाळेच्या मुली, दुसऱ्या बाजूला कोणती शाळा यावी? खाप्याची! त्यांच्या बाईंनी मुलींना हाक मारताना गावाचं नाव घेतलं मात्र, समोरून आवाज आला, "अवो, आमच्या खाप्याच्या पोरी!" मला दरदरून घाम फुटला. चेंडू वर टाकायच्या आधीच.

त्यापुढे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. जी बाई घरात सासरा-सुनेच्या मध्ये कुजबुजल्यासारखं बोलायची, ती मैदानावर गर्जायला लागली. "सूनबाई! डोळे उघडे ठेव वं! आमच्या पोरीले ढकललं तिनं!" परीक्षक टेबलाशी उभे होते. चेंडू बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्या बाई कोण? तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"नाही, साहेब," मी म्हटलं. धडधडीत. ओळखीच्या नसलेल्या बाईंच्या मांडीवर माझं लुगडं, त्यावर माझ्या बांगड्या.

आणि मग मी जे केलं ते म्हणजे माझ्या तेव्हाच्या अकलेचा अर्क. मला वाटलं, आपण खाप्याच्या बाजूच्या नाही हे दाखवायला हवं. खाप्याची एक उंच मुलगी होती, लाल रिबिनींच्या दोन वेण्या वर बांधलेली, बोर्डाखाली खांबासारखी उभी राहायची. तिला कोणी धडकलं तरी मी तिच्यावरच मूठ उगारली. दोन तिचे खरे होते, पण बाकीचे दोन निव्वळ आत्याबाईंच्या आवाजाला दिलेले होते. ती बिचारी दर वेळी हात वर करायची. मोठे मोठे डोळे करून माझ्याकडे बघायची. असे डोळे मी ओळखत होते, फक्त तिचे खरे होते. चार झाले. समोर बघितलं तर आत्याबाई आता ओरडत नव्हत्या. लुगड्याची घडी छातीशी धरून गप्प बसल्या होत्या. मामाजी बुटांकडे बघत होते.

शेवटची मिनिटं. खापा एका गुणाने पुढे. शहराकडची एक चपळ मुलगी चेंडू आपटत सुसाट निघाली ती थेट बोर्डाकडे. लाल रिबिनवाली तिच्या वाटेत येऊन उभी राहिली, पाय रोवून, हात वर. ती आली आणि धाडकन अंगावर आदळली. दोघी मातीत. चेंडू मात्र रिंगमधून खाली. मी शिट्टी मारली.

शिट्टी मारली खरी, पण कोणावर, ते अजून माझं मलाच माहीत नव्हतं. चहूकडून ओरडा, "फाऊल! फाऊल! बाहेर काढा तिले!" आणि खाली बघते तर ती लाल रिबिनवाली उठून बसली होती. पडताना तिचा पाय दुसरीच्या पाठीला लागला होता. तिने वाकून तिच्या पाठीला हात लावला, कपाळाला लावला, आणि मग उभी राहून, कोणी न सांगता, हात वर केला. पाचवा म्हणून. मैदानाबाहेर जायला तिने तोंडही वळवलं होतं.

मला वाटायचं, अशा वेळी मामाजींचा आवाज आठवेल. आठवला आत्याबाईंचा. ते प्रश्न मी त्यांच्याच तोंडून तर ऐकले होते. जागेवर आधी कोण होतं? रेशनच्या यादीसारखे, एकामागून एक. आधी ही होती. पाय रोवून होती. उडी कोणाची अंगावर? दुसरीची. कोणाचं काही गेलं का? हिचं जात होतं. हिचं सगळंच जात होतं आणि ही हात वर करून उभी होती.

मी मूठ वर केली आणि बोट दाखवलं ते चेंडू घेऊन आलेल्या मुलीकडे. धक्का तिचा. टाकलेले गुण रद्द. ओरडा आणखी वाढला. पण लाल रिबिनवालीचा हात वरच! टेबलावरचा लिहिणारा गोंधळला, एकीकडे माझं बोट, दुसरीकडे तिचा हात. मी तिला म्हटलं, "हात खाली कर." तिला ऐकूच गेलं नाही. मग मी तिच्याजवळ गेले, तिचं मनगट धरलं आणि हात खाली आणला. मातीने भरलेला, थंड हात होता.

"तुझा नाही बाई," मी म्हटलं. "तू उभी होतीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ती चटकन तोंड फिरवून तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली. शेवटी कोण जिंकलं? खापाच जिंकलं. पण मला तेव्हा ते कळलंही नाही, कारण मी परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

त्यांनी मला बाजूला बोलावलं. आवाज अजूनही सावकाशच. "शेवटचा निर्णय बरोबर होता. अगदी बरोबर. पण पहिल्या अर्ध्यात त्याच मुलीवर दोन दिलेत, ते तुम्ही कोणाला तरी घाबरून दिलेत. आणि रेफरीने खेळाडूच्या अंगाला हात लावायचा नसतो, कधीच नाही. यंदा नाही पास करता येत. पुढच्या वेळी या." एवढं म्हणून ते वळले, आणि पुन्हा थांबून म्हणाले, "आणि त्या तुमच्या ओळखीच्या नसलेल्या बाई तुमचं लुगडं घेऊन उभ्या आहेत. घ्या ते."

भिंतीआड मी पँटीवर लुगडं नेसले. आत्याबाईंनी निऱ्या धरल्या. विचारलं काही नाही, माझ्या तोंडावर लिहिलेलं होतंच. मी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या पुढे धरली. त्यांनी ती घेतली, जुडग्यात अडकवली आणि जुडगा कमरेला खोचला. मामाजी पाठमोरे उभे होते. त्यांनी ते पाहिलं नाही. म्हणजे रीतीप्रमाणे पाहिलं नाही.

दिवस मावळायला आला होता. रिक्षा काही मिळेना, म्हणून बघत बघत चालायला लागलो. लकडगंजातली दुकानं बंद होत होती, फळ्या आत ओढत होते. मामाजी कडेने लंगडत पुढे, त्यांच्यामागे मी, आणि आत्याबाई सगळ्यात मागे. नेहमीची रांग का मोडली, माहीत नाही. मी रडत नव्हते. पिशव्यांचा विचार करत होते. एका पायाची एक, एवढी लांब पिशवी, तिच्यात काय काय मावेल.

तेवढ्यात मागून एक सायकलवाला आला. कॅरियरला आडव्या फळ्या बांधलेल्या, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. फळीचं टोक मामाजींच्या खांद्याला लागलं, गुडघा वळला आणि ते नालीच्या बाजूला कलंडले. मी धावले. दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला, अंगाचा टेकू दिला आणि त्यांना उभं केलं.

आणि मग कळलं, आपण काय धरलंय. पदर डोक्यावरून खांद्यावर, मामाजींचं सगळं वजन माझ्या अंगावर, भर रस्त्यात. ते अवघडले, मी अवघडले. मी हात काढायला लागले, तर ते पुन्हा झुकले.

इतक्यात शिट्टी वाजली.

इतकी जोरात, की फळ्या ओढणारी माणसं थांबली. मागे बघितलं, तर आत्याबाई रस्त्याच्या मधोमध, जुडगा तोंडाजवळ, गाल लाल. मी मामाजींचा दंड सोडलाच.

"तुले नाही!" आत्याबाई ओरडल्या. "त्याले! त्या सायकलवाल्याले! हे आपल्या रेघेनं चालले होते, तो आंगावर आला. धर वं यायले, धर नीट. हात सोडू नको."

सायकलवाला बराच पुढे गेला होता. आणि आता तुम्ही म्हणाल आजी फेकते, पण त्याने मागे न बघता हात वर केला. ताठ.

मी मामाजींचा दंड पुन्हा धरला. आत्याबाई जवळ आल्या, जुडग्यातून शिट्टी सोडवली, पदराने नीट पुसली आणि माझ्या हातात कोंबली. "घे. नापास त्यायनं केलं, मी नाही केलं. माह्या समोर ते पोरगी उभी होती आन् तुले ते दिसलं. अजून एक डाव दे परीक्षा." मग दोन पावलं जाऊन, "पण पँट ढिली कर जराशी."

त्या रिक्षा बघायला पुढे निघून गेल्या. आता आमच्या मध्ये कोणीच नव्हतं. मामाजींचा दंड माझ्या हातात, वाळक्या लाकडासारखा हलका. मग समोरच बघत, हळूच, त्यांनी विचारलं.

"सूनबाई, ते फळी माह्या खांद्याले लागली तवा मी उभा होतो का चालून राहिलो होतो?"

मी आत्याबाईंसाठी थांबले. त्या लांब होत्या, हात हलवून एका रिक्षावाल्याशी भांडत होत्या.

"चालत होता, मामाजी," मी म्हटलं. "पण रेघ तुमची होती."